बीकेसीत नोकरी, हातात ६२ हजार, घर कुठं बघावं?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. कोल्हापुरात एका फौंड्रीच्या अकाउंट्सला आहे, आता मुंबईला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) एका कंपनीत काम मिळालंय, १ जूनला जॉइन व्हायचं. सगळं कापून हातात ६२ हजार येतील. इथं ३४ मिळतात पण घर वडिलांचं, भाडं नाही, भाजी मळ्यातनं येते, त्यामुळं ३४ मध्येसुद्धा चार पैसे मागं पडतात. घरात मी, बायको (डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालाय, इथं एका लॅबमध्ये जाते) आणि मुलगी, ती यंदा मोठ्या गटात जाईल. एका एजंटला फोन केला तर म्हणतो साहेब बीकेसीच्या जवळ म्हणजे कलानगर, वन बीएचके साठ हजार. म्हटलं मग पगार थेट तुमच्याच खात्यावर टाकायला सांगतो की, मी कशाला येऊ. डोंबिवलीत मामेभाऊ आहे, तो म्हणतोय इकडं ये, १५ हजारात चांगला वन बीएचके बघून देतो. आता एवढ्या लांबनं रोज जाणं-येणं जमतं का माणसाला? आणि भाडं पगाराच्या तीस टक्क्यांच्या आत पाहिजे म्हणतात ते मुंबईला लागू होतं का?

कल्याणकर_जुना
जमतं. न जमून सांगता कुणाला, लाखो लोकांना जमतंय. मी पंचवीस वर्षं केलंय, आता रिटायर आहे. डोंबिवली ते कुर्ला फास्ट गाडीने कागदावर पाऊण तास, सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शे रुपयांत निघतो, एवढं स्वस्त वाहन जगात कुठे नसेल. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत त्यातली एक धरून ठेवा, रोज तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा, महिन्याभरात ग्रुप होतो आणि मग उभं राहायला तरी हक्काची जागा मिळते. तीस टक्क्यांत कलानगर बसत नाही, डोंबिवली आरामात बसते, हिशेब संपला. शिवाय कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला थांबते, गावी जायला दादरपर्यंत सामान ओढत जायची गरज नाही.

लाल_मिरची
काका, हिशेब संपला नाही, तिथून सुरू होतो. मी बीकेसीतच काम करते म्हणून लिहिते. डोंबिवली ते कुर्ला पाऊण तास हे बरोबर पण घर ते स्टेशन आणि कुर्ला ते ऑफिस हे कुणी धरतच नाही. सकाळी नऊला कुर्ल्याला उतरलात की आधी पुलावर चढायलाच रांग, मग पश्चिमेला बाहेर पडायचं, तिथे एका बाजूला शेअर रिक्षांची लाइन आणि दुसऱ्या बाजूला ३१० नंबरची बस, बस आली की लोक थांबायच्या आधीच लटकलेले असतात. रिक्षात मागे तीन आणि ड्रायव्हरच्या बाजूला एक, तो चौथा अर्धा बाहेर. संध्याकाळचं विचारूच नका, साडेसहाला बीकेसीतून कुर्ल्याला यायला रिक्षावाला तयार होईल तेव्हा होईल, आमच्या ऑफिसातले निम्मे लोक चालत निघतात. म्हणजे दाराला कुलूप लावल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास धरा. जाऊन-येऊन साडेतीन.

आणि बीकेसी म्हणजे एक जागा नाही हो. ऑफिस फॅमिली कोर्टाकडच्या बाजूला असेल तर बांद्रा स्टेशन जवळ, अमेरिकन वकिलातीच्या बाजूला असेल तर कुर्ला. आधी ते सांगा, मग लोक लाइन सांगतील. घराचं भाडं बघून गाव ठरवायचं नसतं, ऑफिसचं स्टेशन बघून लाइन ठरवायची आणि मग त्या लाइनवर परवडेल तिथपर्यंत मागे मागे जात राहायचं.

पंचगंगाकाठ
वकिलातीच्या बाजूला. इंटरव्ह्यूला आलो तेव्हा बाहेर व्हिसावाल्यांची रांग बघून मला वाटलं इथंच इंटरव्ह्यूची लाइन आहे :)

शून्य_शिल्लक
मग कुर्लाच. म्हणजे सेंट्रल किंवा हार्बर. वेस्टर्नवाले आता येतील मीरा रोड, नालासोपारा सांगायला, त्यांचं ऐकू नका.

वसईची_केळी
आलोच :) नालासोपाऱ्यात आजही दहा हजारात वन बीएचके मिळतो पण धागाकर्त्यांचं ऑफिस कुर्ल्याच्या बाजूला आहे म्हणून मी स्वतःच नको म्हणतोय. फक्त एक सांगून ठेवतो, कधी इकडे यायची वेळ आली तर बोरिवलीला उतरायला विरार फास्टमध्ये चढू नका. उतरू देत नाहीत. हे मजेत सांगत नाहीये.

भुयारी_प्रवासी
मेट्रो कुणी कसं सांगत नाही? तीन नंबरची भुयारी आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे, ऑक्टोबर २०२५ पासून, आणि बीकेसीला स्टेशन आहे. घाटकोपरला लोकल सोडायची, मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे बदलून भुयारीने बीकेसी. एसी, स्वच्छ, शर्टाची इस्त्री तशीच.

लाल_मिरची
इस्त्री राहील पण घाटकोपरहून पुढचंच स्टेशन विद्याविहार आणि त्यापुढचं कुर्ला, ते सोडून तुम्ही माणसाला आधी मरोळला नेऊन परत खाली आणताय. दोन मेट्रोंची तिकिटं रोज जाऊन-येऊन, महिन्याचं बघा किती होतं. भुयारी कामाची आहे ती मरोळ, सीप्झ नाहीतर वरळी-गिरगावकडे राहणाऱ्याला. पावसात एखाद्या दिवशी कुर्ल्याला पाणी भरलं की मी पण जाते त्या वळशाने, रोज नाही.

घणसोलीकर_ताई
नवी मुंबईचा विचार केलात का? आम्ही सातारचे, घणसोलीला राहतो. वन बीएचके वीस-बावीसपर्यंत, गावठाणाच्या बाजूला अजून कमी पण तिथे कागद नीट बघून घ्या. रस्ते मोठे, बागा आहेत, पाण्याचा त्रास नाही कारण महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. हे मुद्दाम लिहितेय कारण कल्याण-डोंबिवलीच्या बाहेरच्या नवीन कॉम्प्लेक्समध्ये भाडं कमी दिसतं आणि मग टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये निघतात. कुर्ल्याला जायला मात्र गाडी बदलायला लागते, ठाण्याला जाऊन नाहीतर वाशीच्या बाजूने हार्बर पकडून. एक बदल म्हणजे गाडी चुकायची एक जास्तीची संधी, हे पण खरं.

आणि भाऊ एक विचारते, राग मानू नका. सगळा धागा तुमच्या ऑफिसभोवती फिरतोय. वहिनी काम करतात म्हणालात ना, मग त्यांचं इथे काय ठरलंय? डीएमएलटीला मुंबईत काम लगेच मिळतं, लॅब गल्लोगल्ली आहेत, पण सॅम्पल कलेक्शन सकाळी सातला सुरू होतं. तुम्ही साडेसातला घराबाहेर पडून रात्री नऊला येणार असाल तर मुलीला शाळेत सोडणार कोण? लांब घर घेतलं की प्रवास एकटा नवराच करत नाही, घरी राहणारीच्या नोकरीचे तास पण तोच प्रवास खाऊन टाकतो. आमच्याकडे दोन वर्षं माझं काम त्यापायी बंद होतं.

पंचगंगाकाठ
राग कसला ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली या ताईंचा पत्ता घे आणि डोंबिवली कॅन्सल कर :) ती म्हणतेय तिला इथं १४ मिळतात, तिकडं वीस तरी मिळतील. म्हणजे घरात ८२ येणार असतील तर भाड्याचं गणितच बदलतंय.

शून्य_शिल्लक
मी एक साधा गुणाकार मांडतो. डोंबिवली १५, कुर्ल्याच्या जवळपास कुठेतरी २५. फरक १० हजार. जवळ राहून रोजचे दोन तास वाचले तर २२ दिवसांचे ४४ तास. म्हणजे तासाला सव्वादोनशे रुपये देऊन तुम्ही स्वतःचा वेळ विकत घेताय. ६२ हजाराचा माणूस ऑफिसात तासाला साडेतीनशे कमावतो. घ्यावा विकत.

कल्याणकर_जुना
असा गुणाकार खुर्चीत बसून होतो. ते ४४ तास कुणी विकत घेणार आहे का त्यांच्याकडून? वाचलेल्या वेळात माणूस मोबाईल बघतो. १० हजार मात्र खरे असतात, वर्षाचे १ लाख २० हजार, पाच वर्षांत डाउन पेमेंटला हात लागतो. मी गाडीत उभ्याने पेपर वाचला, डिपार्टमेंटच्या परीक्षेचा अभ्यास केला, आणि बदलापूरला घर घेतलं तेव्हा लोक हसले होते. आज ते घर आहे, हसणारे भाड्यानेच राहतायत.

लाल_मिरची
तुमच्या वेळी घरं ज्या भावात मिळत होती तो भाव आणा, मी उद्यापासून दाराला लटकते. आणि काका, ते लटकणं थट्टेचं नाही राहिलेलं, ९ जून २०२५ ला मुंब्र्याला दारात लटकलेली माणसं गाडीतून पडून गेली ते विसरलात का. नवीन माणसाला 'जमतं' सांगताना हे पण सांगायला हवं की पहिले सहा महिने तरी सकाळच्या फास्टला दारात उभं राहू नका, स्लोने जा, वीस मिनिटं जास्त गेली तर जाऊदे. एसी लोकलचा पास परवडत असेल तर उत्तम, दरवाजे बंद होतात. पण फेऱ्या कमी, तुमच्या वेळेला आहे का बघून घ्या.

कल्याणकर_जुना
हे मान्य. दारात उभं राहू नका. माझ्या ग्रुपमधला एक जण गेला आहे तसा, तो विषय नको.

कन्नमवार_नगरी
एवढे प्रतिसाद झाले आणि विक्रोळीचं नाव कुणी घेतलं नाही, कमाल आहे. अहो पंचगंगाकाठ, तुम्ही टॉवरमधले वन बीएचके बघताय म्हणून आकडे फिरतायत. आमच्याकडे विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगर, टागोर नगर, तिकडे कुर्ला पूर्वेला नेहरू नगर, चेंबूरला टिळक नगर, या सगळ्या म्हाडाच्या जुन्या वसाहती. चार मजली इमारती, लिफ्ट नाही, एक खोली आणि स्वयंपाकघर, आत संडास-बाथरूम. १६ ते २२ मध्ये बसेल, मजला आणि दुरुस्ती बघून. निम्म्या इमारती रीडेव्हलपमेंटला गेल्यात त्यामुळे घर घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, सोसायटीचं बिल्डरशी कुठवर आलंय, नाहीतर सहा महिन्यांत खाली करायची नोटीस हातात. विक्रोळीहून कुर्ला स्लो गाडीने दहा-बारा मिनिटं, घाटकोपर आणि विद्याविहार मधे. नेहरू नगरला तर एसटीचा डेपो आहे, कोल्हापूरची गाडी दारात.

माणसं आपली. कोकणातले जास्त, घाटावरचे पण बरेच. गणपतीला अर्धी वसाहत गावी जाते तेव्हा पार्किंगला जागा मिळते. आणि आमच्याकडे मालक 'नॉनव्हेज खाता का' विचारत नाही, विचारलंच तर बांगडा आणलाय देऊ का म्हणून विचारतो.

पंचगंगाकाठ
तो प्रश्न मला दोन एजंटांनी विचारला. आम्ही तांबडा-पांढरावाले, खोटं कसं बोलणार. एक जण म्हणाला मग हा फ्लॅट तुमच्यासाठी नाही. कन्नमवार नगरचं ऐकून जीव भांड्यात पडला बघा. एक खोली नि स्वयंपाकघरात तिघं मावतो का एवढंच बघायला पाहिजे, इथं घर ऐसपैस आहे, अंगण आहे, पोरगी दिवसभर बाहेरच असती.

घणसोलीकर_ताई
मावतो. कपाटाची फक्त उंची वाढवायची. सोफा, डायनिंग टेबल गावीच ठेवा.

पागडी_नको
व्यवहाराचं कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

करार ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायचा परवाना असतो. ११ महिन्यांचा असला की रजिस्टर करायला लागत नाही असं एजंट सांगतात, ते इथे चालत नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का. म्हणजे १८ हजार भाडं आणि ६० हजार डिपॉझिट धरलं तर पाचशेच्या घरात ड्युटी आणि शहरात नोंदणीचे एक हजार. बाकी जे पाच-सहा हजार सांगतात ती घरी येऊन अंगठा घ्यायची मजुरी. ती मालकाने आणि तुम्ही निम्मी निम्मी करायची, आधीच बोलून घ्या.

ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं. ११ महिन्यांनी करार रिन्यू झाला की परत मागतात, तेव्हा द्यायचं की नाही हे पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. डिपॉझिट तीन महिन्यांचं धरून चला. हेवी डिपॉझिटच्या भानगडीत पडू नका, पाच-सात लाख भरा आणि भाडं नाममात्र, ऐकायला गोड, पण मालकाने ते पैसे कुठे अडकवलेत तुम्हाला माहीत नसतं आणि सोडताना तो म्हणतो नवीन भाडेकरू आला की देतो. माझ्या ओळखीतल्यांना आठ महिने थांबायला लागलं.

सोसायटी भाडेकरूच्या नावाने जे जास्तीचे पैसे घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत आणि ते मालकाने भरायचे. पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्याच.

आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक रुपया टोकन नाही. फोटोत चकाचक फ्लॅट, भाडं निम्मं, मालक म्हणे सैन्यात आहे, पोस्टिंगवर आहे, गेटपाससाठी क्यूआरवर पैसे टाका, की समजायचं फ्लॅट अस्तित्वातच नाही.

पंचगंगाकाठ
हे सोनं आहे साहेब. सेव्ह करून ठेवलं. हातात किती रोख घेऊन यावं लागेल मग?

पागडी_नको
१८ चं घर धरा. डिपॉझिट ५४, पहिलं भाडं १८, ब्रोकरेज १८, करार, टेम्पो, गॅस, पंखे, पडदे. लाखाच्या वर आरामात जातं आणि पहिला पगार जून संपल्यावर. दीड लाख हाताशी असू द्या.

करदाता_गरीब
इन्कम टॅक्समध्ये एचआरएचं (घरभाडे भत्ता) पण बघा, मुंबईत राहिलात तर बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत सूट, डोंबिवली-नवी मुंबईत ४० टक्केच, हा पण फरक धरा.

पंचगंगाकाठ
ते जुन्या करपद्धतीत हो. नवीन पद्धतीत एचआरए धरतच नाहीत आणि माझ्या पगाराला तिथं तसाही टॅक्स शून्य येतोय. अकाउंट्सवाला आहे, तेवढं एक येतं मला :)

सुखी_माणूस
मी वेगळंच म्हणतो. ३४ हजार, स्वतःचं घर, मळ्यातली भाजी, रंकाळ्यावर फेरी. हे सोडून एका खोलीत राहायला येताय? ६२ मधले भाडं, शाळा, दूध, प्रवास वजा केलं की ३४ च उरतात. ते तर आत्ताही आहेत.

पंचगंगाकाठ
आहेत, पण मी १२ वर्षं एकाच टेबलाला आहे आणि मालकाचा पोरगा आता स्वतः अकाउंट्स बघायला लागलाय. पुढं काय ते दिसतंय. रंकाळा कुठं पळून जात नाही.

कन्नमवार_नगरी
बरोबर बोललात.

लाल_मिरची
माझं मत विचाराल तर जूनमध्ये फॅमिलीला आणूच नका. तुम्ही एकटे या, कुर्ला-विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्यानं) किंवा पीजीत राहा, आठ-दहा हजारात होतं, कुणाकडे जेवणाचा डबा लावा. रविवारी घरं बघा, पण एक तरी घर सोमवारी सकाळी आठला बघायला जा आणि तिथून थेट ऑफिसला या, म्हणजे रविवारी रिकाम्या रस्त्यावर 'स्टेशन पाच मिनिटं' म्हणणारा एजंट किती खरा ते कळतं. पावसाळ्यात घर बघायचा अजून एक फायदा, भिंतींची ओल दिसते. मे महिन्यात रंग मारलेला असतो. आमचं बीकेसी मिठी नदीच्या काठावर आहे, जुलैत एक-दोनदा तरी गाड्या बंद होणार, त्या दिवशी ऑफिसातले कोण कोण घरी पोचतात ते बघा आणि ते कुठे राहतात ते विचारा.

कल्याणकर_जुना
हे मात्र शंभर टक्के पटलं. आणि मामेभावाला दुखवू नका, पहिला महिना डोंबिवलीतच काढा त्याच्याकडे. फुकटात लोकलचा पण अनुभव येईल, मग तुम्हीच ठरवा म्हातारा बरोबर होता की मिरची.

घणसोलीकर_ताई
पण मुलीच्या शाळेचं काय? जून उजाडला की ॲडमिशन कठीण.

पंचगंगाकाठ
बायकोशी बोललो. मोठा गट ती इथंच करेल, आजी-आजोबा आहेत. पुढच्या वर्षी पहिलीला तिकडं आणायची. तोवर मी एकटा, महिना मामेभावाकडं, मग विक्रोळीकडं कॉट. बायको दिवाळीत येऊन लॅबमध्ये चौकशी करणार, तिचं काम जिथं लागेल त्याच्या आसपास घर बघायचं आणि माझं ऑफिस दोन नंबरला. तिनंच असं ठरवलंय, मी हो म्हटलं. कन्नमवार_नगरी, तुमच्याकडं कॉट बेसिसवर माहितीतलं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि डबा घाटी चवीचा मिळतो का? नारळ घातलेली आमटी रोज नाही चालणार मला.

कन्नमवार_नगरी
व्यनि केलाय. डब्याचं म्हणाल तर आमच्या मागच्या इमारतीत कराडच्या एक काकू आहेत, ठेचा मागितल्याशिवाय देतात. पण नारळाला नावं ठेवणार असाल तर खोली शोधून देणार नाही.